देणगी आणि डोनेशन

आपल्या या अंकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग असतात. दोन्ही विभागांतल्या वाचकांना सारखाच कळणारा एक शब्द आहे. आपण मराठीत 'देणगी' म्हणतो, कन्नडमध्ये 'देणिगे' म्हणतात. उच्चार थोडा इकडेतिकडे झाला तरी अर्थात फरक नाही. आणखी एक शब्द दोन्हीकडे चालतो, तो म्हणजे 'डोनेशन'. इंग्रजी शब्दकोशात पाहिले तर त्याचा अर्थ देणगी असाच दिलेला आहे. पण एखादा बाप "पोराला डोनेशन भरून घातला" असे म्हणतो तेव्हा त्याने दानधर्म केला असे मराठी माणूसही समजत नाही आणि कन्नड माणूसही समजत नाही.

एकाच अर्थाच्या या दोन शब्दांत एवढे अंतर कसे पडले आणि ते अंतर राखायचे काम कोणाचे, याविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत. हे काम अध्यक्षांचे, प्राचार्यांचे किंवा सरकारचे आहे असे आपण समजतो. माझे मत थोडे वेगळे आहे. हे अंतर राखतो तो कार्यालयातला कारकून आणि पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणारा माणूस. हे मी सुरतेत शिकलो.

२००५ साली एम्.एस्सी.साठी मी सुरतेला गेलो. आमचे घर बेळगावच्या विणकरवस्तीतले, घरात चार यंत्रमाग. मामा सुरतेला पांडेसऱ्यातल्या एका कारखान्यात कापडाच्या रंगखात्यात कामाला होते. त्यांच्या एका खोलीत पाच माणसे राहत, तिथे सहाव्याने झोपावे कुठे आणि वाचावे कुठे? मामांनी माझी सोय एका विश्वस्त संस्थेच्या छात्रालयात लावली. वसतिगृहाला तिकडे छात्रालय म्हणतात आणि हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाला महेताजी.

आमच्या छात्रालयाचे कार्यालय म्हणजे जिन्याखालची एक खोली. तिथे महेताजी बसत, आणि त्यांच्या जोडीला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. त्यांना सगळे काका म्हणत. काकांचे काम फंड गोळा करण्याचे. सकाळी अकराच्या सुमारास पावतीपुस्तक पिशवीत घालून ते रिंगरोडच्या कापड मार्केटात जात. त्यांचा पहिला नियम असा की, दुकानदाराची बोहणी झाल्याशिवाय तोंडातून अक्षर काढायचे नाही. दुसरा नियम, 'नाही' म्हणणाऱ्याकडेही पाणी मागून प्यायचे, म्हणजे पुढच्या वर्षी जायला वाट राहते. एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. दुपारपर्यंत चौदा दुकाने झाली. तीन ठिकाणी पैसे मिळाले, अकरा ठिकाणी पाणी मिळाले. "आजचा दिवस बरा गेला," काका म्हणाले.

महेताजींचे नियम याहून कडक होते. रक्कम पाच रुपये असली तरी पावती फाडायचीच. "पावती विना पैसो नहीं," हे त्यांचे पालुपद. जमलेली रोकड रात्री कोणाच्या खिशात राहता कामा नये. आणि तिसरा नियम मला त्या वेळी विक्षिप्तपणाचा वाटला होता. ज्या टेबलावर प्रवेशाचे अर्ज असतील त्या टेबलावर पावतीपुस्तक ठेवायचे नाही. जून महिन्यात अर्ज सुरू झाले की पावतीपुस्तके कपाटात कुलूपबंद होत. ती प्रवेश संपल्यावरच बाहेर निघत. त्या दिवसांत एखादा पालक आपणहून पैसे द्यायला आला तरी महेताजी हात जोडून "ऑगस्टमध्ये या" असे सांगत.

हे शहर मुळातच वर्गणीवर शाळा-छात्रालये उभी करणारे. वनिता विश्राम ही स्त्रियांची संस्था १९०७ साली बाजीगौरी मुनशी आणि शिवगौरी गज्जर या दोन विधवा स्त्रियांनी काढली. १९११ साली कुंवरजी आणि कल्याणजी या मेहता बंधूंनी पाटीदार आश्रम काढला. खेड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलांना शहरात डोके टेकायला जागा मिळावी हा त्यामागचा हेतू. त्याच सुमारास दयाळजी देसाईंचा अनाविल आश्रम चालू होता. १९२८ च्या बारडोली सत्याग्रहात जे कार्यकर्ते गावोगाव फिरले, त्यांची जडणघडण अशा आश्रमांतून झाली. ही छात्रालये एकेका जातीची होती हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी उभी केलेली बोर्डिंगेही बहुतेक एकेका समाजासाठीच होती. त्या काळी माणूस आपल्या जातवाल्यासाठीच खिशात हात घाली. तो हात पुढे सर्वांसाठी कसा वळवायचा हा प्रश्न होता, आणि तो पुष्कळदा कार्यालयातल्या माणसाने सोडवला. कसा, ते पुढे सांगतो.

आपल्या मुलखातही असे लोक झाले, पण आपण त्यांना विसरलो. पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज १८८५ साली सुरू झाले. ज्यांचे नाव त्याला दिले त्या गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांची देणगी बाराशे रुपयांची होती असे सांगतात. डेक्कन एज्युकेशन सोसायटीसाठी संस्थानिकांचे उंबरठे ज्यांनी झिजवले त्या महादेव बल्लाळ नामजोशींचे नाव आज किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले गावोगाव फिरल्या. त्या स्वतः विधवा. १९१८ साली त्या इंग्रजीची धड ओळख नसताना अमेरिकेला गेल्या आणि तिथे परक्यांच्या घरी मोलकरणीचे काम करून राहिल्या. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आपल्या बेळगावात कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी १९१६ साली सात जणांनी मिळून उभी केली. कन्नड विभागातल्या स्नेह्यांना त्या 'सप्तर्षीं'विषयी मी सांगावे असे नाही. या सर्वांच्या हातात पावतीपुस्तक होते, आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

आता माझ्या गोष्टीकडे येतो. ७ ऑगस्ट २००६ रोजी उकाई धरणातून सोडलेले पाणी सुरतेत शिरले. नऊ लाख क्युसेक्सच्या आसपास विसर्ग होता आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. छात्रालयाच्या तळमजल्यावर पाणी चढू लागले तेव्हा आम्ही मुले गाद्या आणि पुस्तके घेऊन वर पळत होतो. महेताजी मात्र जिन्याखालून ओरडत होते, "पहिले चोपडे!" दहा-बारा मुलांची साखळी करून आम्ही लाल कापडाच्या बांधणीचे ते जाड चोपडे दुसऱ्या मजल्यावर पोहोचवले. एक कपाट तेवढे राहिले. दोन दिवस आम्ही गच्चीवर होतो. खाली चोहीकडे तपकिरी पाणी, वर हेलिकॉप्टरची घरघर. राखीपौर्णिमा त्या पाण्यातच गेली.

पाणी ओसरल्यावर गुडघाभर गाळातून आम्ही ते कपाट काढले. आतले चोपडे भिजून फुगले होते. महेताजींनी आम्हाला गच्चीवर बसवले आणि एकेक पान सोडवून मध्ये जुनी वर्तमानपत्रे घालायला लावले. शाई कुठे पसरली होती, कुठे वाचता येत होती. असे एक पान सोडवताना माझ्या खोलीचा क्रमांक दिसला. पुढे माझे नाव होते. त्यापुढे नोंद होती: 'विद्यार्थी-भोजन, दरमहा रु. १५१.' देणाऱ्याच्या नावाच्या जागी 'नाव लिहू नये' असे होते आणि व्यवसायाच्या रकान्यात 'मार्केटात साड्यांच्या घड्या घालणे'.

माझी खाणावळीची अर्धी फी माफ झाली होती हे मला माहीत होते. संस्थेने माफ केली असे मी धरून चाललो होतो. संस्था म्हणजे कोण, हा प्रश्न मला पडला नव्हता. दुकानात दिवसभर उभा राहून साड्यांच्या घड्या घालणारा कोणी माणूस माझ्या ताटातली भाकरी भरत होता. मी महेताजींना विचारले, "मी त्यांना भेटू का?" ते म्हणाले, "मळवानी जरूर नथी. भणो." भेटायची गरज नाही, शिका. मग मी विचारले, "पण मीच का? मी तर इथला नाही, यांच्या कोणाच्या जातीचाही नाही." महेताजींनी ओल्या पानावर बोट ठेवले. "देणाऱ्याने जातीचा रकाना मोकळा सोडला होता. मोकळा रकाना मी भरत नाही. यादीत गरजेप्रमाणे तुझा नंबर वर होता."

तो रकाना भरला असता तरी कोणी विचारणार नव्हते. विश्वस्तांच्या सभेत असल्या बारीक नोंदी कोण वाचतो? एका कारकुनाने लेखणी आवरली, एवढीच ती गोष्ट. पण माझे दुसरे वर्ष तिच्यावर पार पडले.

याची दुसरी बाजू मला तीन वर्षांनी दिसली. धाकट्या भावाला अभियांत्रिकीला घालायचे होते. वडिलांबरोबर मी एका कॉलेजच्या कार्यालयात गेलो. टेबलावर प्रवेशाचा अर्ज होता. त्याच टेबलावर कारकुनाने एक कोरी चिठ्ठी ठेवली, पेन्सिलीने आकडा लिहिला, वडिलांना दाखवला आणि खोडरबराने पुसून टाकला. आमच्या चार मागांपैकी दोन विकले गेले. पैसे मोजून दिल्यावर वडिलांनी सवयीने विचारले, "पावती?" कारकून खाली मान घालून म्हणाला, "काका, याची पावती नसते."

त्या कारकुनाचा मला त्या दिवशी राग आला होता. आज तेवढा येत नाही. त्याला वरून सांगितले होते तेच तो करत होता. त्याची नोकरी हंगामी असावी, नकार दिला असता तर उद्या त्या खुर्चीवर दुसरा बसला असता. परंतु एक गोष्ट विसरता येत नाही. आकडा पुसताना त्याचा हात सराईत होता.

या व्यवहाराविरुद्ध कायदे नाहीत असे नाही. कर्नाटकाने कॅपिटेशन फीविरुद्धचा कायदा १९८४ साली केला, महाराष्ट्राने १९८७ साली. १९९२ साली 'मोहिनी जैन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही फी बेकायदा ठरवली, आणि २००२ च्या 'टी. एम. ए. पै' निकालातही नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही असे सांगितले. दोन्ही खटले कर्नाटकातूनच गेले होते. पण पेन्सिलीने लिहून पुसलेला आकडा न्यायालयापुढे कसा न्यायचा? कायद्याला कागद लागतो, आणि कागद लिहिणारा माणूस मिंधा असेल तर कायदा दाराबाहेर उभा राहतो.

काही प्राध्यापक मित्र म्हणतात, "तुमचे महेताजी ठीक आहेत हो, पण अनुदान नसलेल्या संस्थेने इमारत आणि पगार आणायचे कुठून?" प्रश्न खोटा नाही. संस्था पैशाशिवाय चालत नाही हे ज्याने काकांबरोबर चौदा दुकाने केली त्याला वेगळे सांगायला नको. पण उत्तर त्या चौदा दुकानांतच आहे. फंड गोळा करणे हे काम आहे, कष्टाचे आणि अक्कलहुशारीचे काम. त्याला माणूस लागतो, वेळ लागतो, पाणी पिऊन परत यायचा धीर लागतो. आपण ते काम कमीपणाचे मानले, त्यासाठी माणूस नेमला नाही, आणि मग गरजू पालकाकडूनच, तो अडलेला असताना वसुली करणे सोपे वाटू लागले. देणारा मोकळा असतो तेव्हा ती देणगी. देणारा अडलेला असतो तेव्हा ते डोनेशन. पावती आणि टेबल ही या फरकाची बाहेरची खूण.

म्हणून आपल्या कॉलेजापुरत्या तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, कार्यालयातले हिशेबाचे काम कंत्राटावर देऊ नये. ज्याला उद्याची खात्री नाही त्याच्याकडून 'नाही' म्हणण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. दुसरी, वसतिगृहाला आणि गरीब विद्यार्थी निधीला मिळालेली प्रत्येक देणगी आणि तिचा विनियोग दरवर्षी याच अंकात छापावा. नाव नको असेल तर नावाविना, पण रक्कम छापावी. तिसरी विद्यार्थ्यांसाठी. वर्षातून एक दिवस तुमच्यापैकी चौघांनी पावतीपुस्तक घेऊन बाजारपेठेत फिरावे. किती जमले याला महत्त्व नाही. आपल्या खोलीचे भाडे कोण भरतो हे एकदा डोळ्यांनी पाहावे.

आणि एक मागणी संपादकांकडे. आपल्या अंकात प्राध्यापकांचे फोटो येतात, स्पर्धा जिंकणाऱ्यांचे येतात, देणगीदारांचेही येतात. कार्यालयातल्या लोकांचा फोटो आणि नावे, शिपायापासून मुख्य लिपिकापर्यंत, एखाद्या वर्षी छापून पाहा.

मी नोकरीला लागल्यापासून सुरतेच्या त्या छात्रालयाला दरमहा थोडी रक्कम पाठवतो. महेताजी आता नाहीत. पावती मात्र अजून न चुकता पोस्टाने येते. जातीचा रकाना मी मोकळा सोडतो.