अंगण खरंच वाकडं असेल तर?

बालमित्रांनो, 'नाचता येईना, अंगण वाकडं' ही म्हण तुम्हाला पाठ असेल. आपली चूक दुसऱ्यावर ढकलणाऱ्याला आपण ती लगेच ऐकवतो. पण समजा, अंगण खरोखरच वाकडं असलं तर? संगणकाच्या दुनियेत असं घडतं बरं का!

सी प्लस प्लस भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाला थेट कळत नाही. त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो तो कंपायलर. 'जीसीसी' हा असाच एक प्रसिद्ध कंपायलर. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ साली पहिल्यांदा सर्वांना खुला केला.

काही प्रोग्रॅम एकाच वेळी अनेक कामं करतात. एकीकडे चित्र दाखवायचं, दुसरीकडे गाणं वाजवायचं. अशा प्रत्येक कामाच्या धाग्याला म्हणतात 'थ्रेड'. काम करताना एखादी अडचण आली, म्हणजे हवी ती फाईलच सापडली नाही, तर थ्रेड 'एक्सेप्शन' पाठवून ती कळवतो. त्याची नोंद कंपायलरसोबत येणारी लायब्ररी एका पाटीवर ठेवते असं समजा.

आता गंमत बघा. जीसीसी तयार करतानाच 'थ्रेड एकच असणार' असं ठरवलं असेल, तर पाटीही सगळ्यांत मिळून एकच! मग ताईने मांडलेलं गणित दादा पुसतो, आणि ताई भलतंच उत्तर वाचते. झालं, प्रोग्रॅम धाडकन बंद! तेही दर वेळी नाही. दोघांची वेळ नेमकी जुळली तरच. म्हणून तर चूक सापडता सापडत नाही. तुम्ही आपला प्रोग्रॅम दहादा तपासाल, पण त्यात चूक असेल तर सापडेल ना!

मग ओळखायचं कसं? जीसीसीला त्याचीच माहिती विचारायची. उत्तरात 'थ्रेड मॉडेल' अशी एक ओळ येते. तिथे 'सिंगल' असेल तर समजा, पाटी एकच आहे. लिनक्सवर तिथे 'पॉसिक्स' हवं, म्हणजे प्रत्येक थ्रेडला स्वतःची पाटी.

उपाय एकच: थ्रेडची सोय चालू करून कंपायलर नव्याने बांधायचा. यातही एक मजा आहे. जुना कंपायलर नवा कंपायलर घडवतो. तो नवा पुन्हा स्वतःलाच घडवतो, आणि त्यातून निघालेला आणखी एकदा! दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत तयार झालेले भाग तंतोतंत जुळले, तरच काम पक्कं. त्यानंतर आपला प्रोग्रॅमही नव्या कंपायलरने पुन्हा तयार करायचा. हे विसरलात तर जुना बिघाड तसाच राहील हं!

पण दोस्तांनो, बहुतेक वेळा चूक आपल्याच प्रोग्रॅममध्ये असते. दोन थ्रेडना आपणच एका वहीत एकदम लिहायला बसवलं, तर नवा कंपायलर तरी काय करणार? तेव्हा आधी आपली पावलं तपासा, मगच अंगणाकडे बोट दाखवा. घरच्या किंवा शाळेच्या संगणकावर जीसीसी असेल, तर मोठ्यांच्या मदतीने ती 'थ्रेड मॉडेल'ची ओळ आज शोधून बघा. काय लिहिलंय तिथे?