अंगणवाडीची तपासणी वॉर्डातच व्हावी

ग्वाल्हेरच्या अंगणवाड्यांचं काम आता मोबाइलवर मोजलं जातं. 2021 पासून पोषण ट्रॅकर या अ‍ॅपवर हजेरी, वजन, आहारवाटप सगळं नोंदतात. पण भरणारी तीच सेविका, जिचं काम तपासायचं, आणि वाचणारे भोपाळ-दिल्लीत. नुसत्या नोंदींवर विसंबलं की काय होतं, हे मध्य प्रदेशच्या महालेखाकारांनी 2022 मध्ये दाखवलं: पोषण आहार वाहणाऱ्या कागदोपत्री ट्रकांतले काही चक्क मोटारसायकली आणि रिक्षा निघाले! आणि इथे चूक परवडणारी नाही: 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची 35.7 टक्के मुलं खुरटलेली होती.

अन्नसुरक्षा कायद्याचं (2013) कलम 28 सामाजिक अंकेक्षणाच्या, म्हणजे लोकांसमोरच्या तपासणीच्या, कामात स्थानिक संस्थांना स्थान देतं. म्हणून महापालिकेने शहराच्या 66 वॉर्डांत बैठका घेऊन आयांसमोर नोंदवही वाचावी, मुलांचं वजन पुन्हा करावं. अंगणवाड्या राज्याच्या महिला-बालविकास खात्याच्या, महापालिकेचा काय संबंध, असं म्हणतील. तपासणारा चालवणाराच नसावा, हे उलट बरंच. नगरसेवक राजकारण करतील, ही भीती मात्र खरी. म्हणून बैठकीचं अध्यक्षपद त्यांना नको. सेविकेवर आणखी ओझं? तिच्याकडून नवा तक्ता मागूच नये. आहार उशिरा आला, वजनकाटा बिघडला, हेही त्याच बैठकीत खात्याच्या नावावर नोंदवावं.