पूर्वेच्या किनाऱ्याच्या किल्ल्या

मा. अध्यक्ष,
मुंबई बंदर प्राधिकरण
यांस,



शहराचा किनारा विजेच्या स्कूटरवर बसून, पुढे एक वाटाड्या घेऊन बघायचा, ही टूम युरोपात केव्हाच रुळली. लिस्बनला नदीच्या काठाने अशा सहली निघतात, बार्सिलोनाला समुद्राच्या कडेने. मुंबईत हे कुणाच्या डोक्यात आलं की पहिलं बोट मरीन ड्राइव्हवर ठेवलं जाणार आणि दुसरं कोस्टल रोडलगतच्या नव्या विहारपथावर. म्हणून हे पत्र महापालिकेला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. ही सहल पश्चिमेला नको, पूर्वेला हवी. आणि पूर्वेच्या किल्ल्या तुमच्या खिशात आहेत.

मरीन ड्राइव्हला वाटाड्याची गरज नाही. तिथे समुद्र समोर आहे, कठडा आहे, शेंगदाणे आहेत. बघणाऱ्याला आणखी काही सांगावं लागत नाही. शिवाय तो फूटपाथ चालणाऱ्यांचा आहे. गुडघे दुखणारे आजोबा, बाबागाडी ढकलणारी आई आणि शेजारून सुळकन जाणारी स्कूटर, हा मेळ जमत नाही. पॅरिसने तो जमवून पाहिला. शेवटी एप्रिल २०२३ मध्ये तिथे सार्वमत झालं. मतदानाला आठ टक्केही लोक फिरकले नाहीत हे खरं, पण जे आले त्यांच्यापैकी जवळजवळ नव्वद टक्क्यांनी भाड्याच्या स्कूटरींना हाकला म्हणून सांगितलं, आणि त्याच वर्षी त्या गेल्या. तिथे अडचण झाली ती कुणीही, कुठेही, कशीही चालवायची आणि फूटपाथवर टाकून जायची या मोकाटपणाची. वाटाड्यामागून रांगेने जाणाऱ्या आठ-दहा स्कूटरींचं गणित वेगळं आहे.

कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंतचा सुमारे २८ किलोमीटरचा किनारा बहुतेक मुंबईकरांनी पाहिला आहे तो ईस्टर्न फ्रीवेवरून, गाडीच्या काचेतून आणि तोही उंचावरून. २०१३ साली हा रस्ता झाला म्हणून निदान एवढं तरी दिसलं. दुचाकीला त्यावर मज्जाव आहे, तेव्हा ज्याच्याकडे चारचाकी नाही त्याला तेवढंही नाही. खाली डिमेलो रोडवर उतरावं तर एका बाजूला लांबच लांब भिंत. भिंतीत गेटं: ग्रीन गेट, रेड गेट, ब्लू गेट, येलो गेट, ऑरेंज गेट. माझ्या शिवडीतल्या शेजाऱ्यांना या गेटांचे बस थांबे पाठ आहेत. आत काय आहे ते सांगता येत नाही. ज्यांचे आजोबा-पणजोबा आत हमाली करत होते त्यांनासुद्धा नाही.

मी गोदीचे दरवाजे सताड उघडा म्हणत नाही. आत कस्टम आहे, सीआयएसएफ आहे, चालू बंदर म्हटलं की सुरक्षा आलीच. मागणं बाहेरच्या रस्त्याचं आहे. बॅलार्ड इस्टेटपासून शिवडी जेट्टीपर्यंत साधारण आठ-नऊ किलोमीटर, रविवारी सकाळी, वाटाड्यासोबत. एवढं अंतर इथल्या उकाड्यात चालवत नाही, आणि बसच्या काचेतून पाहायचं तर फ्रीवे आहेच की. परत यायला शिवडीहून हार्बर लोकल आहे; स्कूटरी टेम्पोत घालून आणता येतील.

सुरुवात बॅलार्ड इस्टेटला का, तर रविवारी ती रिकामी असते आणि नवख्याला दोन चकरा मारून हात बसवता येतो. शिवाय गोष्टही तिथूनच सुरू होते. शेजारची अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आताची इंदिरा गोदी, खणताना निघालेला दगड-माती समुद्रात लोटून ही जमीन केली आणि तिच्यावर वास्तुविशारद जॉर्ज विटेटच्या देखरेखीखाली दगडी इमारतींची ओळ उभी राहिली. गोदी १९१४ साली सुरू झाली. एका खड्ड्यातून बंदर आणि त्याच खड्ड्याच्या मातीतून वसाहत! तुमच्या संस्थेचा, १८७३ च्या पोर्ट ट्रस्टचा, हा हिशेबीपणा मला फार आवडतो.

पुढे मात्र स्कूटर कोणती, हा प्रश्न येतो. उभ्याने चालवायची, वीतभर चाकांची ती नाजूक स्कूटर इथे आणू नका. बंदराची स्वतःची रेल्वे १९१५ पासून होती. तिचे रूळ अजून कित्येक ठिकाणी डांबरात गाडलेले दिसतात. रुळाच्या खाचेत लहान चाक गेलं की माणूस तोंडावर. पावसात तर मोठी बाइकसुद्धा तिथे घसरते. इथल्या दुचाकीवाल्यांचा साधा नियम आहे: रूळ काटकोनात ओलांडायचा, तिरका कधीच नाही, आणि रुळावर ब्रेक मारायचा नाही. तेव्हा बसून चालवायची, जाड टायरची, कमी वेगाची स्कूटर हवी. मोटारीची ताकद २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर कायद्याने ती मोटार वाहनात मोडत नाही, लायसन्सही लागत नाही. सामान पोचवणारी पोरं तसल्या गाड्या शहरभर चालवतातच. हेल्मेटची सक्ती मात्र तुम्ही करा, कायदा करो न करो. आणि जून ते सप्टेंबर सहल बंद.

या सहलीत एक थांबा असा आहे की तिथे बघायला काही नाही, आणि नेमका तोच मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ ही बोट लागली होती. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, वर कापसाच्या गाठी, शिवाय सोन्याच्या विटा. दुपारी कापूस धुमसायला लागला. बंबवाले आले, पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी बोट फुटली; अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. एकूण माणसं किती गेली याचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगतात, म्हणजे कुणी नीट मोजलीच नाहीत. मांडवीपर्यंत वस्ती जळाली. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो याच दिवसाच्या आठवणीसाठी. आणि ती व्हिक्टोरिया गोदी? कंटेनर टर्मिनलसाठी ती आणि शेजारची प्रिन्सेस गोदी, दोन्ही बुजवल्या. जिथे बोट फुटली तिथे आज पाणीच नाही. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या आवारात स्मारक आहे, पण जागेवर येऊन ‘इथे’ असं बोट दाखवणारं कुणी नको का? ते काम फलकाने होणार नाही. फलक कोण थांबून वाचतो!

म्हणून वाटाड्या कोण, यावर सगळं अवलंबून आहे. टाय लावलेला, पाठ केलेलं इंग्रजी बोलणारा मुलगा नेमाल तर सहल फुकट जाईल. निवृत्त गोदी कामगारांना घ्या. क्रेनवर आयुष्य काढलेला माणूस नुसत्या दोरखंडाच्या गाठीवर पंधरा मिनिटं बोलू शकतो. डिमेलो रोडवरून रोज जाणाऱ्यांना डिमेलो कोण हे ठाऊक नसतं. गोदी कामगारांना संघटित करणारे प्लॅसिड डिमेलो आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले तरुण जॉर्ज फर्नांडिस, हे त्याच माणसाने सांगावं. तो मराठीत बोलेल, मध्येच बंबइया हिंदीत घुसेल. घुसू द्या. मानधन मात्र वेळेवर द्या.

भाऊच्या धक्क्यावर वाटाडी बाई असावी, कोळीणच असावी. तिथे पहाटे ट्रॉलर लागले की पाट्या हातोहात वर येतात, बर्फाचा चुरा पायाखाली करकरतो, लिलावाचा पुकारा चालू असतो आणि मध्ये उभं राहिलेल्या हौशी फोटोवाल्याला ‘ए, बाजूला हो’ म्हणून ढुशी मिळते. मिळायलाच हवी. धंद्याच्या वेळी स्कूटर बाहेर लावायची, चार-चार जणांनी आत जायचं, कोळंबी सोलत बसलेल्या बायकांचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. रेवस आणि मोऱ्याच्या लाँचा तिथूनच सुटतात. उतारूंच्या वाटेत उभं राहायचं नाही. हे नियम तिनेच घालून द्यावेत.

वाटेतल्या दारूखान्याच्या वस्तीबद्दल मात्र मला भीती वाटते. जहाजं तोडून निघालेले लोखंडी पत्रे, साखळदंड, नांगर, इंजिनं असा सगळा मालमसाला तिथल्या गल्ल्यांत पडलेला असतो आणि तो बघण्यासारखा आहे यात वाद नाही. पण त्याच गल्ल्यांत माणसं राहतात. तुमच्याच जमिनीवर, पिढ्यानपिढ्या, उद्या घर राहील की जाईल या घोरात. त्यांच्या दारावरून हेल्मेटवाल्यांची रांग काढणं म्हणजे गरिबीचं प्रदर्शन मांडणं होईल. वस्तीतल्या लोकांना विचारा. नको म्हणाले तर मुख्य रस्त्यानेच पुढे जा. सहलीतला एक थांबा गेला म्हणून काही बिघडत नाही.

शेवट शिवडीला. इथे वेळापत्रक तुमच्या हातात नाही, समुद्राच्या हातात आहे. पूर्ण ओहोटीला रोहित पक्षी दूर चिखलात ठिपक्यांएवढे दिसतात आणि पूर्ण भरतीला चिखलच उरत नाही. पाणी चढता-उतरताना ते जेट्टीजवळ सरकतात. तेव्हा सहल ‘दर रविवारी सकाळी सात’ अशी बांधून टाकली तर निम्मे रविवार लोक नुसता चिखल बघून परततील. भरती-ओहोटीचं कोष्टक तुमच्याइतकं कुणाजवळ आहे? त्यावरून सुटायची वेळ ठरवा. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंतच हा थांबा, एरवी शिवडीचा किल्ला आणि वरून दिसणारा अटल सेतू.

आता तुमच्या बाजूचं काम. रविवारी तीन-चार तास ट्रेलरना सहलीच्या रस्त्याची एक कड सोडायला लावणं, ही पहिली अट; ती पाळता येत नसेल तर सहल सुरूच करू नका, कारण ट्रेलरच्या मागच्या चाकाशी स्कूटरची बरोबरी होत नाही. दुसरी, कंत्राट एका बड्या कंपनीला देऊन मोकळं होऊ नका. गोदी कामगारांच्या आणि कोळी महिलांच्या सहकारी संस्थांना आधी विचारा. तिसरी, तिकीट. क्रूझ टर्मिनलवर उतरणाऱ्या परदेशी पाहुण्याला जो दर लावाल तो लालबागच्या पोराला लावू नका. महापालिका शाळांच्या मुलांना आणि गोदी कामगारांच्या कुटुंबांना सहल फुकट असावी.

आणि शिवडी जेट्टीवर, भाऊच्या धक्क्यावर बायकांसाठी धड स्वच्छतागृहं बांधा. पाणी असलेली, आतून कडी लागणारी. ती सहल ठरायच्या आधी बांधा, आणि सहलीचं काही ठरलं नाही तरी बांधा.

कळावे,
आपला,
शिवडीचा एक रहिवासी