आमटी कळली, चूल कळेना



सुट्टीत सोलापूरहून भाचा आला होता. मौलाअलीची टेकडी पाहून म्हणाला, "मामा, आमच्याकडे दगड काळा, तुमच्याकडे करडा-गुलाबी. दख्खन एकच ना?"

दख्खन एकच, दगडांचं कूळ वेगळं. सोलापूरचा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांचा. त्यात सिलिका निम्म्याच्या आसपास, म्हणून त्याचा लाव्हा पातळ, दूरवर वाहणारा. आपला ग्रॅनाइट सुमारे 250 कोटी वर्षांचा आणि सिलिका सत्तर टक्क्यांच्या घरात. हा रस दाट. तो काही किलोमीटर खोल सावकाश थिजला. वरचं सगळं झिजून गेलं, तेव्हा कुठे गोवळकोंड्याची टेकडी उघडी पडली.

पण असा दाट रस जमिनीवर आला तर? ते पाहायला जोधपूर गाठावं. मेहरानगड किल्ला वालुकाश्माचा, पण खालचा डोंगर रायोलाइटचा, म्हणजे ग्रॅनाइटच्याच घटकांचा, फक्त वर येऊन थिजलेला. दाट रसात वायू कोंडतात आणि स्फोट होतो. तिथली तापलेली राख पडल्या जागी एकमेकींना चिकटून तिचा दगड झाला. सुमारे 75 ते 77 कोटी वर्षांपूर्वीचा हा मलानी प्रदेश 50 हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे.

एवढी उष्णता आली कुठून? इथे भूवैज्ञानिकांत दोन तट आहेत. एक म्हणतो, समुद्राचा तळ खंडाखाली सरकत होता, आजच्या अँडीजसारखा. खाली गेलेल्या पाण्यामुळे खडक लवकर वितळले. सेशेल्स आणि ईशान्य मादागास्करमध्ये त्याच सुमाराचे खडक आहेत आणि तेव्हा हे प्रदेश भारताला लागून होते, हा त्यांचा आधार. दुसरा तट म्हणतो, खंड ताणलं गेलं, खालून तप्त बेसाल्ट आला आणि त्याने जुनं कवच वितळवलं. मलानीत रायोलाइटसोबत बेसाल्टही सापडतो, मधल्या जातीचे खडक मात्र कमी, हे ते दाखवतात.

रसायनशास्त्राने निकाल लागेल असं वाटतं, पण लागत नाही. आमटीच्या चवीवरून डाळ कोणती ते सांगता येतं. ती चुलीवर शिजली की गॅसवर, ते सांगणं अवघड. रायोलाइटच्या अंगात मुख्यतः वितळलेल्या जुन्या खडकाचीच चव उतरते. मला ताणाची बाजू मलानीपुरती थोडी जड वाटते, पण सेशेल्सचा मुद्दा झटकून टाकता येत नाही.

आपल्या ग्रॅनाइटबद्दलही हाच वाद आहे: खालून आलेली उष्णता की सरकणारा तळ? म्हणून प्रयोगशाळेइतकाच जागेवरचा पुरावा लागतो. कोणता खडक कुणाला भेदून गेला, कोणती शीर नंतरची, हे अखंड टेकडीवरच वाचता येतं. भाच्याला अशी एक शीर दाखवायला मी गेलो, पण पाच वर्षांपूर्वी पाहिलेल्या त्या जागी आता इमारतीचा पाया खणला आहे. आम्ही मग खडीच्या ढिगात ती शोधत बसलो.