‘सगळ्यांचीच तर टिंगल करतात!’

‘द सिम्पसन्स’मधल्या अपूचा विषय निघाला की आपल्या मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘अहो, ते सगळ्यांचीच टिंगल करतात. आपण एवढं मनाला काय लावून घ्यायचं?’ हे म्हणणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर हा लेख तुमच्याशी भांडण्यासाठीच आहे. टिंगल सगळ्यांची होते हे खरं. ती सगळ्यांची सारखी होते हे खोटं. आणि ते का खोटं, हे कळण्यासाठी ही मालिका इतरांचे संदर्भ कसे वापरते ते आधी पाहायला हवं.

1989च्या डिसेंबरात सुरू झालेल्या या मालिकेचा अर्धा जीव संदर्भांत आहे. सिनेमे, नाटकं, जाहिराती, राजकारणी, गायक, काहीही सुटत नाही. पण तिच्या चांगल्या भागांत नुसतं नाव घेऊन हशा मागितलेला नसतो. 1993चा ‘रोझबड’ हा भाग घ्या. तो उभा आहे ऑर्सन वेल्सच्या 1941च्या ‘सिटिझन केन’वर. तिथे मरणाऱ्या धनाढ्याला लहानपणची घसरगाडी आठवते, इथे म्हाताऱ्या बर्न्सला लहानपणी टाकून दिलेलं टेडी अस्वल हवं असतं. तुम्ही ‘सिटिझन केन’ पाहिलेला नसला तरी काही बिघडत नाही. सगळं विकत घेऊ शकणारा माणूस एका फाटक्या अस्वलासाठी एका बाळाच्या हातापाया पडतो, हे कुणालाही कळतं. पाहिलेला असेल तर दुप्पट कळतं.

त्याच वर्षीच्या ‘केप फिअर’च्या विडंबनात बार्टला मारायला आलेला साइडशो बॉब त्याला शेवटची इच्छा विचारतो. बार्ट म्हणतो, मला ‘एच. एम. एस. पिनाफोर’ अख्खं गाऊन दाखव. हे 1878चं इंग्रजी संगीत नाटक. आणि बॉब खरंच गातो, कारण खुनापेक्षाही त्याला आपल्या गळ्याचं कौतुक जास्त! एखाद्या मराठी कार्टूनमधला खलनायक सुरी बाजूला ठेवून ‘संगीत सौभद्र’ नांदीपासून गाऊ लागला, तर कसं वाटेल? तसंच. असं लिहायला लेखकाला ते नाटक आवडावं लागतं, नुसतं माहीत असून भागत नाही. संदर्भ म्हणजे उसनवारी नव्हे, ती ओळख असते. ज्याची थट्टा करायची, त्याच्या घरी आधी जाऊन यावं लागतं.

आता अपूकडे या. त्याचं नाव सत्यजित राय यांच्या ‘अपू’ चित्रत्रयीवरून आलं. ‘पथेर पांचाली’ 1955चा, ‘अपूर संसार’ 1959चा. म्हणजे त्या लेखकांच्या खोलीत रायांचे सिनेमे कुणाला तरी ठाऊक होते. संदर्भ अव्वल दर्जाचा! पण तो नावापाशीच संपला. आडनाव दिलं ‘नहासपीमापेटिलॉन’. आडनावावरून गाव, गावावरून तालुका आणि तालुक्यावरून नातं काढणारी आपली जात. या आडनावावरून काय काढणार? ते कुठल्याच प्रांताचं नाही. ते फक्त लांब आहे, आणि लांब असणं हाच त्यातला विनोद आहे.

आणि आवाज? तो दिला हँक अझेरिया यांनी. तो घडवताना 1968च्या ‘द पार्टी’ या सिनेमातला पीटर सेलर्स आपल्यासमोर होता, हे त्यांनीच सांगितलं आहे. सेलर्स इंग्रज. तोंडाला रंग फासून तो त्यात ‘हृंदी बक्षी’ नावाचा भारतीय झाला होता. म्हणजे एका गोऱ्या नटानं भारतीयाची नक्कल केली आणि दुसऱ्यानं त्या नकलेची नक्कल केली. वेल्ससाठी मूळ सिनेमा पाहणारी, पिनाफोरसाठी मूळ गाणी गाणारी ही मालिका आपल्या बाबतीत मात्र नकलेवर थांबली. माझी तक्रार अपमानाची नाही, आळसाची आहे. ‘सगळ्यांचीच टिंगल’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हेच: टिंगल सगळ्यांची केली, पण अभ्यास सगळ्यांचा केला नाही.

यावर तुम्ही म्हणाल, स्कॉटिश विली आहे, इटालियन गुंड फॅट टोनी आहे, त्यांचं काय? रास्त प्रश्न आहे. त्यांचेही साचेच आहेत. पण फॅट टोनी पाहून झाल्यावर तुम्ही वाहिनी बदललीत, तर इटालियन आडनावाचा वकील, गायक, न्यायाधीश, राज्यपाल दिसत होता. 1990च्या अमेरिकेत अपू पाहून वाहिनी बदलणाऱ्या मुलाला दुसरा भारतीय दिसायची शक्यता किती होती? एकच आरसा असेल आणि तोही वाकडा, तर ‘आरसेच ते, वाकडे असायचेच’ असं म्हणून चालत नाही.

आणखी एक गोष्ट कबूल करायलाच हवी, कारण अपूचे टीकाकार ती टाळतात. या मालिकेला अपू नीट लिहिता येत होता. 1996चा एक भाग त्याचा पुरावा आहे. त्याचं नाव ‘मच अपू अबाउट नथिंग’, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकावर कोटी. कॅलिफोर्नियात 1994 साली बेकायदा स्थलांतरितांच्या सोयी काढून घेणारा ‘प्रपोझिशन 187’ मतदानाला आला होता. त्याची सावली या भागावर आहे. अपू संगणकशास्त्रात पीएचडी करायला आलेला, शिक्षणाचं कर्ज फेडता फेडता दुकानात अडकलेला आणि व्हिसा कधीच संपलेला माणूस आहे, हे त्यात कळतं. आपल्यातल्या किती जणांच्या पोटात इथे गोळा येईल! मग तो खोटी कागदपत्रं मिळवतो, काउबॉयची टोपी घालतो, अमेरिकन उच्चार घोटतो आणि बेसबॉलच्या संघाचं नाव चुकवत त्याचं कौतुक करतो. म्हणजे संदर्भ हाच व्हिसा, हे या मालिकेनं स्वतःच ओळखलं होतं! शेवटी तो ते सोंग टाकतो आणि रीतसर परीक्षा देतो. यादवी युद्धाची कारणं तो इतकी सविस्तर सांगू लागतो की परीक्षकच त्याला ‘गुलामगिरी’ एवढंच म्हणून मोकळं व्हायला सांगतो. हे लिहिणाऱ्यांना आपण दिसत होतो. म्हणूनच बाकीच्या आळसाला माफी नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. 2016मध्ये अपूच्या पुतण्याचं पात्र आलं. त्याला आवाज उत्कर्ष आंबुडकर यांचा, म्हणजे निदान ‘कर’ तरी आले! तो पुतण्या काकाला तोंडावर सांगतो, तू एक साचा आहेस. 2017मध्ये हरी कोंडाबोलू यांचा ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ हा माहितीपट आला. 2018मध्ये मालिकेनं लिसाच्या तोंडून त्याला जे उत्तर दिलं, त्याचा मथितार्थ असा की पूर्वी चालायचं ते आता चालत नाही, त्याला आम्ही काय करणार? 2020मध्ये अझेरिया यांनी अपूचा आवाज सोडला. त्याच वर्षी गोऱ्या नटांनी इतर वर्णांच्या पात्रांना आवाज देणं मालिकेनं बंद केलं. कार्ल आणि डॉक्टर हिबर्ट या कृष्णवर्णीय पात्रांना नवे, कृष्णवर्णीय नट मिळाले. अपूला कोणीच मिळालं नाही. तो गर्दीत मागे उभा दिसतो, बोलत नाही. याला तुम्ही विजय म्हणता? आपण म्हणालो होतो, ‘नीट बोला’. त्यांनी ऐकलं, ‘गप्प करा’.

इथवर तुम्ही माना डोलावत असाल, तर आता थोडं जवळचं. ‘द पार्टी’ आला त्याच वर्षी, 1968 साली, आपल्याकडे ‘पडोसन’ आला. त्यात मेहमूदनं दाक्षिणात्य संगीतशिक्षक रंगवला आणि सगळा देश हसला. आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवातल्या नाटुकल्यांत तो मास्तर अजून जिवंत आहे. लुंगी, कपाळाला आडवं गंध, ‘यंडूगुंडू’ आणि प्रत्येक वाक्याला ‘अय्यो’. त्याच्या जोडीला गुजराती शेठ, ‘भैया’ आणि अलीकडे कार्यालयातला चिनी सहकारी. ज्यांच्या शेजारी आपण रोज डबा खातो, त्यांची भाषा तमिळ की तेलुगू हेही आपल्याला विचारावंसं वाटलेलं नसतं. आपली नक्कलही मेहमूदच्या नकलेची नक्कल असते. आणि हेच आपण, हिंदी सिनेमात मोलकरीण आणि हवालदार तेवढे मराठी का, म्हणून वर्षानुवर्षं चिडत आलो आहोत!

थट्टा बंद करा असं मी म्हणत नाही. थट्टेशिवाय मराठी माणूस दोन दिवस जगणार नाही. मागणी एवढीच आहे की थट्टा करायची तर ‘पिनाफोर’सारखी करा, सेलर्ससारखी नको. यंदाच्या नाटुकल्यात दाक्षिणात्य पात्र हवं असेल, तर त्याला गाव द्या, खरं नाव द्या, त्याच्या आईची एखादी सवय द्या. त्यासाठी शेजारच्या घरी जाऊन कॉफी प्यावी लागेल, एवढाच त्रास. आणि संहिता आधी त्या शेजाऱ्याला वाचून दाखवा. तो हसला तर विनोद जमला.

तो नुसता हसल्यासारखं करत असेल तर तेही तुम्हाला ओळखता येईल. अपूवर हसणाऱ्या सहकाऱ्यांसमोर तसं हसायची आपल्याला तीस वर्षांची सवय आहे.