गोळी बंद नको, ताट वेगळे नको

लिव्हर खराब झाले म्हटले की आपल्या वस्तीत पहिला प्रश्न ठरलेला, “किती प्यायचा?” जिने आयुष्यात दारूला हात लावला नाही, त्या बाईलाही तो झेलावा लागतो. मग ती आजार लपवते. पण सिरॉसिस हिपॅटायटिस बीमुळे, म्हणजे पांढऱ्या काविळीमुळेही होतो. विषाणू वर्षानुवर्षे गुपचूप राहतो आणि लिव्हर निबर करून टाकतो.

टेनोफोविर किंवा एन्टेकॅविरची रोजची गोळी हा विषाणू दाबून ठेवते, मुळासकट काढत नाही. म्हणून सिरॉसिसच्या रुग्णाला ती बहुधा आयुष्यभर घ्यावी लागते. थोडी भूक लागली, अंगात ताकद आली की “आता बरे आहे” म्हणून गोळी सुटते आणि तिथेच घात होतो. दबलेला विषाणू उसळतो आणि थकलेले लिव्हर निकामी होऊ शकते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळी बंद करू नये. तिच्या जागी झाडपाल्याचे औषधही घेऊ नये.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, बरळणे, गुंगी यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठावे. पोटात पाणी भरून ताप किंवा दुखणे आले तरी तसेच. गोळी चालू असतानाही लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी हवी. दारू पूर्ण बंद. अंगदुखीची गोळीही मेडिकलमधून परस्पर घेऊ नये.

हा आजार एका ताटात जेवल्याने होत नाही. तो रक्तातून, असुरक्षित संबंधातून आणि आईकडून बाळाला होतो. ब्लेड आणि टूथब्रश वेगळे ठेवा, ताट नको. वेगळे भांडे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको. घरातल्या सर्वांची तपासणी करा, गरज असेल त्यांना लस द्या. बाळाला पहिली लस 24 तासांच्या आत मिळालीच पाहिजे.

2018 पासूनच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ठरलेल्या सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषध मोफत आहे. पण रांगेत बुडालेली मजुरी कोण देणार? नाक्यावर उभा राहणारा माणूस किंवा चार घरची धुणीभांडी करणारी बाई दर महिन्याला खाडा कसा करणार? जिथे दरमहा फेरी मारावी लागते, तिथे तब्येत स्थिर असलेल्या रुग्णाला एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात, असे आमचे म्हणणे आहे. महिला मंडळांनी आणि तरुणांनी हा अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.