सीटी अँजिओग्राफीचा रिपोर्ट म्हणजे स्टेंटची चिठ्ठी नव्हे

संपादक महोदय,


हृदयाच्या सीटी अँजिओग्राफीवर आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. मांडीतून किंवा मनगटातून नळी न घालता हृदयाच्या धमन्या काही मिनिटांत पाहता येतात, याचे लेखकाने केलेले कौतुक रास्त आहे. मात्र 'चाळिशीनंतर प्रत्येकाने एकदा करून घ्यावी' हा त्यातला सल्ला मला अजिबात मान्य नाही. असे रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेली माणसे माझ्या दवाखान्यात नेहमी येतात, म्हणून लिहितो आहे.

या तपासणीची ताकद मी नाकारत नाही. दोन ते चार मिलिमीटर रुंदीच्या, सतत हलणाऱ्या धमन्यांचे भरवशाचे चित्र मिळू लागले ते २००४ च्या सुमारास ६४ स्लाइसची यंत्रे आल्यावर. छातीत दुखणाऱ्या माणसाची सीटी स्वच्छ आली, तर धमनीत मोठा अडथळा नाही हे जवळपास खात्रीने सांगता येते. इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ मध्ये प्रकृती स्थिर असलेल्या अशा रुग्णांसाठी हीच पहिली तपासणी ठरवली. युरोपातल्या 'डिस्चार्ज' चाचणीत ३,५६१ रुग्ण होते. थेट नळीची अँजिओग्राफी ठरलेल्या गटात तपासणी-उपचारांमुळे १.९ टक्के लोकांना गंभीर गुंतागुंत झाली, सीटीच्या गटात ०.५ टक्के. (चालू हार्ट ॲटॅकची गोष्ट वेगळी. तिथे सीटीत वेळ न घालवता रुग्णाला सरळ कॅथलॅबमध्ये न्यायचे असते.)

माझा मुद्दा रिपोर्ट आल्यानंतरचा आहे. लेखात स्कॉटलंडच्या 'स्कॉट-हार्ट' चाचणीचा उल्लेख आहे, पण अर्धाच. त्या चाचणीत ४,१४६ रुग्ण होते आणि ते सगळे छातीत दुखते म्हणून दवाखान्यात आलेले होते, धडधाकट माणसे नव्हेत. पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट ॲटॅकचे प्रमाण नेहमीच्या तपासण्यांच्या गटात ३.९ टक्के आणि सीटी केलेल्यांत २.३ टक्के राहिले. हा फरक स्टेंटमुळे पडला म्हणावे, तर पाच वर्षांअखेर अँजिओप्लास्टी आणि बायपासचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. सीटीच्या गटात वाढल्या त्या स्टॅटिन आणि ॲस्पिरिनच्या गोळ्या. धमनीत चरबीचा थर दिसला, मग तो रक्त अडवण्याइतका नसला तरी, डॉक्टरांनी औषध सुरू केले आणि रुग्णांनी ते घेतले.

आपल्याकडे मात्र रिपोर्टमधला टक्क्याचा आकडा तेवढा वाचला जातो. 'साठ टक्के ब्लॉकेज' हे शब्द कानावर पडले की नातेवाईक पैशांची जुळवाजुळव सुरू करतात. टक्का धमनी किती अरुंद झाली ते सांगतो, हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडते आहे की नाही ते सांगत नाही. 'फेम' चाचणीत ५० ते ७० टक्क्यांच्या अडथळ्यांमागचा रक्तदाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा त्यांतले सुमारे ३५ टक्केच प्रवाह खरोखर अडवत होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली 'इस्केमिया' चाचणी याहून स्पष्ट आहे. तिच्यातल्या ५,१७९ रुग्णांपैकी बहुतेकांची सीटी आधी केलेली होती आणि डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेल्यांना वगळले होते. उरलेल्यांत सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी किंवा बायपासचा मार्ग धरून मृत्यू वा हार्ट ॲटॅक कमी झाले नाहीत. ज्यांना वारंवार छातीत दुखत होते त्यांचे दुखणे कमी झाले, आणि तो लाभ खरा आहे. पण ज्याला काहीच त्रास नाही, त्याला 'आज स्टेंट टाका, नाहीतर काही सांगता येत नाही' असे बजावणे शास्त्राला धरून नाही.

यंत्राच्याही मर्यादा आहेत. जुना मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर धमन्यांत कॅल्शियम साचते, चित्रात ते आहे त्यापेक्षा मोठे उमटते आणि अडथळा फुगवून दाखवते. नव्या फोटॉन-काउंटिंग यंत्रांत हा दोष पुष्कळ कमी झाला आहे, पण ती फार महाग आहेत. ठोके मिनिटाला साठ-पासष्टच्या आत नसले तर चित्र हलते. डायमध्ये आयोडीन असते, म्हणून क्रिएटिनिन आणि ॲलर्जी आधी विचारायलाच हवी. किरणोत्सर्गाबाबत २००७ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत सर्वसाधारण मात्रा १२ मिलिसिव्हर्टच्या आसपास होती, ती २०१७ च्या पाहणीत २.७ वर आली. निसर्गातून आपल्याला वर्षभरात साधारण तेवढीच मिळते. मात्र हे आपोआप होत नाही. यंत्र कोणते, ते कसे चालवले, ठोके किती होते, यावर मात्रा कित्येक पटींनी बदलते. मग ती रिपोर्टवर छापलेली का नसते?

सरसकट तपासणीला माझा विरोध आहे तो यामुळेच. जोखमीबद्दल शंका असेल तर डायशिवाय होणारी कॅल्शियम स्कोअरची साधी तपासणी आहे. पॅकेजात सीटी अँजिओग्राफी घालून ती धडधाकट माणसांना विकण्यात रुग्णाचे हित नाही. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेण्याच्या प्रथेविरुद्ध राज्य सरकारने २०१७ मध्ये मसुदा तयार केला होता. त्याचा कायदा झाला असता तर असली पॅकेजे विकणे इतके सोपे राहिले नसते.

प्रत्येक रिपोर्टमध्ये किरणोत्सर्गाची मात्रा, कॅल्शियम स्कोअर, चित्राचा दर्जा आणि अडथळा किती आहे ते सांगणारी ० ते ५ ची कॅड-रॅड्स श्रेणी लिहिणे सक्तीचे करावे. तातडीची स्थिती नसेल, तर ज्या रुग्णालयाने तपासणी केली त्याच्याशी संबंध नसलेल्या हृदयरोगतज्ज्ञाचे मत घेण्याइतका अवधी रुग्णाला मिळावा. आपल्या पुरवणीनेही ही तपासणी कोणाला लागते आणि कोणाला लागत नाही, हे त्या लेखाइतक्याच ठळकपणे छापावे, ही विनंती.

– एक फॅमिली डॉक्टर, सातारा